हिवाळ्यात झोपलेला ओढा

त्या दिवशी अख्खी दरी बुडवली ती मी. पूल, शाळा, बाजार, पॉवरहाऊस, सगळं. आणि तेही ओली छत्री कुठे अडकवावी, एवढ्या साध्या प्रश्नाचं उत्तर शोधताना.

ताईला भेटायला तिच्या कामाच्या जागी गेलो होतो. कामाची जागा म्हणजे नदीकाठची पत्र्याची लांबच लांब शेड. आत विमान मावेल एवढी मोठी, पण विमानाऐवजी आत एक डोंगर. विटांचा आणि सिमेंटचा, माझ्या खांद्याला लागेल एवढा. त्याच्या कुशीत धरण, धरणाखाली नदी, नदीकाठी वीतभर उंचीची घरं. वीज कंपनीला खऱ्या धरणावर जे करून बघण्याची छाती होत नाही, ते आधी या धरणावर करून बघतात. नदीत भुसा सोडायचा आणि तो कुठे फिरतो, कुठे अडतो ते टिपायचं. ही उठाठेव करणारी इंजिनिअर म्हणजे आमची ताई.

मी शिरलो तेव्हा ती धरणाच्या सांडव्यावरून पाणी सोडून, डोंगरापलीकडे वाकून काहीतरी मोजत होती. मान वर न करताच म्हणाली, "आलास? कशालाही हात लावू नकोस."

मी हात लावलाच नाही. भिंतीलगतच्या नळाला एक वाकडा दांडा होता, छत्रीसाठीच घडवल्यासारखा. त्याला छत्री अडकवली. दांडा भक्कम वाटला, म्हणून आईने ताईसाठी दिलेली बरण्यांची पिशवीही अडकवली. दांड्याने थोडा विचार केला, कुरकुरला, आणि थकल्या म्हाताऱ्यासारखा खाली बसला.

डोंगराच्या एका घळीतून भसकन पाणी आलं. धरणाच्या खाली, पॉवरहाऊसच्या अगदी तोंडाशी एक ओढा नदीला मिळतो. पाणी त्या ओढ्यातून आलं आणि नदीला आडवं धडकलं. नदी तुंबली. मागे सरली. पॉवरहाऊस खऱ्या दरीत डोंगराच्या पोटात आहे, म्हणून इथे ते काचेच्या पेटीसारखं केलेलं, आतलं दिसावं म्हणून. यंत्रं फिरवून दमलेलं पाणी ज्या बोगद्यातून नदीत परत जातं, त्याच बोगद्यातून नदी उलटी आत शिरली. पेटीत बोटाच्या पेराएवढा एक लाकडी माणूस उभा होता. पाणी त्याच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, मग त्याचा डिंक सुटला आणि तो पालथा तरंगायला लागला.

आता ताई किंचाळणार म्हणून मी डोळे मिटले. पाल दिसली तरी तिची किंकाळी तीन घरं ऐकू जाते. पण आवाजच नाही. डोळे उघडले तर ती काचेला नाक लावून उभी होती, आणि तिचा चेहरा सिमेंटच्या रंगाचा झाला होता.

"ताई, चुकून झालं गं. मी पुसून देतो सगळं."

"पुन्हा कर," ती म्हणाली.

"काय?"

"छत्री. होती तशी अडकव. पिशवीसुद्धा."

मी पुन्हा केलं. लाकडी माणूस पुन्हा तरंगला. तिसऱ्यांदाही तरंगला. आयुष्यात पहिल्यांदाच मला कुणी माझा धांदरटपणा पुन्हा पुन्हा करून दाखवायला सांगत होतं, आणि मला त्याचा जराही आनंद होत नव्हता.

त्या लाकडी माणसाच्या जागेवर, खऱ्या डोंगराच्या पोटात, त्या वेळी भावोजी ड्यूटीवर होते.

ताई जन्मजात भित्री. आई सांगते की जन्मल्यावर ती रडली नाही, दचकली. पालीला भिते, लिफ्टला भिते, दुपारी वाजणाऱ्या फोनला भिते, कारण तिच्या मते चांगली बातमी दुपारी झोपलेली असते. कुलूप लावलं की ओढून बघते, आणि ओढून बघितलं होतं ना, हे बघायला कोपऱ्यावरून परत येते. ऑफिसात तिचं नाव 'सायरन'. एकदा जळका वास आला म्हणून तिने सगळी इमारत रिकामी करवली. दोन मजल्यांची माणसं थंडीत कुडकुडत उभी, आणि जळत होता तो मोठ्या साहेबांचा कोट, हीटरवर वाळत घातलेला. साहेबांनी तो तसाच अंगात चढवला आणि दिवसभर सगळ्यांना पाठीवरचा तपकिरी डाग दाखवत हिंडले.

पण या कामाला असंच माणूस लागतं. धरण बांधणाऱ्याला धैर्य हवं. धरणाच्या खाली राहणाऱ्यांच्या वतीने घाबरायला कुणीतरी पगारी माणूस हवं. ताई ते काम मन लावून करायची.

आणि एवढ्या भित्र्या बाईने लग्न कुणाशी केलं, तर डोंगराच्या पोटात काम करणाऱ्या माणसाशी. भावोजी शेडमध्ये पहिल्यांदा आले ते तक्रार घेऊन. "तुमच्या मॉडेलात माझ्या कंट्रोल रूमचं दार डावीकडे उघडतं. खरं उजवीकडे उघडतं." ताई म्हणाली, पाण्याला दाराची बाजू कळत नाही. भावोजी म्हणाले, "पाण्याला नसेल कळत, मला कळते." तिने दार बदललं, वर पेन्सिलीचं लाकूड कोरून एक माणूस दारात उभा केला, आणि तो बघायला भावोजी दर आठवड्याला यायला लागले. पुढचं सांगायला नको.

लग्नाला आता मुलगी शिकायला परगावी जाण्याइतकी वर्षं झाली. एवढ्या वर्षांत ताई पॉवरहाऊसच्या बोगद्यात एकदाही शिरली नव्हती. "मी तुमचं पॉवरहाऊस बघते की रोज," ती म्हणायची. "काचेतून. आणि तिथून तुम्ही जास्त ऐकता माझं."

इथून पुढचं मी पाहिलेलं नाही. पण ताई आणि भावोजी ही हकिगत सांगताना एकमेकांचं बोलणं इतकं तोडतात की दोन्ही तुकडे जोडले की गोष्ट पुरी होते.

माझी छत्री घेऊन मी घरी गेलो आणि ताई वरच्या मजल्यावर गेली. वर ज्योतिषी बसतो. हे त्याचं ऑफिसातलं नाव. तो संगणकावर पुढच्या काळातले हिवाळे तयार करतो. हवा थोडी तापली तर बर्फ किती पडेल, किती वितळेल, धरणात पाणी कधी येईल, असे शेकडो हिवाळे त्याच्या पडद्यावर एकामागून एक येतात आणि जातात. वर्तमानकाळात मात्र त्याचा चष्मा हरवलेला असतो.

"ओढ्याला हिवाळ्यात किती पाणी धरलंयस?" ताईने विचारलं.

"कुठला ओढा?"

"पॉवरहाऊसच्या तोंडाशी मिळतो तो."

त्याने कपाळावरचा चष्मा शोधून नाकावर आणला, आकडे सरकवले. "शून्य. हिवाळ्यात तो बर्फाखाली झोपतो ना."

"तुला कुणी सांगितलं?"

"तुमच्याच शेडने. तुमच्या हिवाळ्याच्या चाचण्यांत त्याचा नळ कायम बंद असतो."

ताई खुर्चीत बसली. "अरे, मी तो बंद ठेवते, कारण तुझ्या तक्त्यात शून्य लिहिलंय."

भरवशाच्या म्हशीला टोणगा, असं म्हणतात. इथे तर दोन म्हशी एकमेकींच्या भरवशावर उभ्या होत्या. नळ बंद म्हणून आकडा शून्य, आकडा शून्य म्हणून नळ बंद. मधल्या मध्ये खऱ्या ओढ्याला कुणी विचारलंच नव्हतं.

पूर्वी त्याला विचारायची गरजही नव्हती. शरद संपता संपता धरण काठोकाठ भरायचं, कारण हिवाळाभर त्याच पाण्यावर शहर उबदार ठेवायचं असतं. धरण भरलेलं असतं तेव्हा ओढा गोठलेला असतो. वसंतात बर्फ वितळून ओढा धो धो येतो, पण तोवर धरण वापरून रिकामं झालेलं असतं. दोन सवती, कधीच एका वेळी घरात नाहीत; म्हणून घर शांत. आता हवा तापली. हिवाळ्यातही डोंगरावर बर्फाऐवजी पाऊस पडायला लागला, आणि साचलेल्या बर्फावर कोमट पाऊस पडला की दोन्ही मिळून खाली येतात. भरलेलं धरण सांडव्यावरून सोडतंय आणि त्याच वेळी ओढा जागा झालाय, असा दिवस उगवला तर दोन्ही सवती पॉवरहाऊसच्या उंबऱ्यावर समोरासमोर.

ज्योतिष्याने शून्य पुसून खरा आकडा घातला आणि हिवाळे पुन्हा चालवले. बरेच हिवाळे तसेच गेले. काहींत पडदा लाल झाला. तो हसला नाही. त्याचं न हसणं ताईला लाल पडद्याहून जास्त लागलं.

मोठ्या साहेबांच्या खोलीत भिंतीवर एक रेषा फ्रेम करून लावलेली आहे. भरणीची रेषा. वर्षाच्या कुठल्या दिवशी धरण किती भरलेलं हवं, ते सांगणारी. साहेब निवृत्त होतील, रेषा होणार नाही, असं तिथे सगळे मानतात.

"म्हणजे शरदात धरण थोडं खाली ठेवायचं?" साहेब म्हणाले.

"हो साहेब. पाऊस आलाच तर धरणात जागा हवी. सांडवा सोडायची वेळ येऊ नये."

"आणि नाही आला तर?"

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी आवाज चढवला नाही. "बाई, हिवाळा संपायच्या आत धरण तळाला लागेल. तेव्हा घरांतले हीटर बंद पडतील. दवाखान्याला मी काय सांगू? सायरनला स्वप्न पडलं होतं?"

या भीतीपासूनही ताईची सुटका नव्हती. रात्री तिला एकदा काचेच्या पेटीतला माणूस दिसे, एकदा अंधारातला दवाखाना. इतर माणसांना एका वेळी एक भीती पुरते. ताईला जोडीने लागतात.

"या वर्षी एवढं करू," साहेब म्हणाले. "पाणी नदीत जातं त्या बोगद्याच्या तोंडाशी लाल खूण आहे. पाणी तिला लागलं की यंत्रं थांबवायची आणि दरवाजा खाली सोडायचा. लेखी हुकूम देतो."

"साहेब, दरवाजा जड आहे. हळूहळू उतरतो. लाल खुणेला पाणी लागल्यावर सोडला तर तो अर्ध्यावर असताना पाणी आत असेल. मी करून बघितलंय."

"तुमच्याकडे दरवाजा पत्र्याचा आहे, बाई. तुम्ही तो चिमटीने सोडता."

"म्हणून तर मी तो मुद्दाम हळू सोडला!"

साहेबांनी घड्याळ बघितलं. ताई उठली. दारापर्यंत गेली, परत आली आणि म्हणाली, "हीटरवर कोट आहे तुमचा." तो खरंच होता.

घरी वेगळंच रामायण. भावोजी सगळं शांतपणे ऐकून घेत होते, आणि तेच ताईला सहन होत नव्हतं.

"रजा घ्या," ती म्हणाली.

"किती दिवस?"

"हिवाळाभर."

"आणि माझ्या जागी कोण बसेल? त्याच्या बायकोने तुझं काय वाकडं केलंय?"

"मला चिडवू नका. तो प्रत्येक वेळी तरंगतो हो."

"अगं, तो लाकडाचा आहे. तरंगणारच!" भावोजी हसले, मग तिचा चेहरा बघून हसायचे थांबले. "हे बघ, आमच्यातले दोघं आधीच विचारतात, बायको पाणी सोडते की पाणी बायकोला विचारून येतं. मी आता बायकोच्या पदराआड लपलो तर उद्या त्यांना हुकूम कुठल्या तोंडाने देऊ?"

ताईने त्यांच्यापुढची कपबशी उचलली आणि मोरीत इतकी जोरात ठेवली की कान तुटला. त्यांनी तुटका कान खिशात टाकला. चिकटवू म्हणाले. अजून चिकटवलेला नाही.

हिवाळा आला. धरण रेषेप्रमाणे काठोकाठ. बर्फ पडला, रस्ते पांढरे झाले, ओढ्यावर बर्फाची गादी पसरली. ताईने स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर थर्मामीटर टांगला आणि घरच्या माणसांपेक्षा त्याचीच जास्त विचारपूस करायला लागली. शेडमध्ये एक गोष्ट तिच्या हाडात भिनलेली. छोट्या दरीत घड्याळ भराभर चालतं. इथे चहा गार होईपर्यंत जे घडतं, त्याला खऱ्या दरीत एक दुपार लागते. म्हणून तिने हिशेब करून ठेवला होता की खरोखर तसं झालं, तर आपल्याकडे एक दुपार आहे.

ती दुपार थंडीच्या ऐन भरात उगवली. सकाळी वारा फिरला आणि कोमट झाला, जणू कुणी भट्टीचं दार उघडं टाकलंय. छपरं ठिबकायला लागली. रस्त्यावरच्या बर्फाचा चिखल झाला. लोक खूश होते, मफलर सोडून फिरत होते. ताई शेडमधून जेवायला घरी निघाली होती. ओढ्यावरचा पूल ओलांडताना ती थबकली.

एवढ्या हिवाळ्यांत तो पूल तिने मुक्या पांढऱ्या घळीवरूनच ओलांडला होता. आज खालून आवाज येत होता. बर्फाच्या गादीखाली कुणीतरी घसा खाकरत होतं. तिने कठड्यावरून वाकून ऐकलं.

तिने ज्योतिष्याला फोन केला. "वर काय पडतंय?"

"पाऊस." त्याने आकडे बघितले. "अगदी वरच्या केंद्रावरसुद्धा. सांडवा सोडायची तयारी चाललीय."

मोठे साहेब मुख्य कार्यालयात बैठकीला गेले होते. त्यांनी फोन घेतला हेच विशेष. "लाल खुणेला लागलं का पाणी? नाही ना? मग हुकूम आहेच की, बाई. मी इथून बघतो काय ते."

मग भावोजींना. "इथे सगळं कोरडं ठणठणीत आहे," भावोजी म्हणाले. "चहा घेतोय."

'चहा' ऐकताच ताईला शेडमधलं भराभर चालणारं घड्याळ आठवलं. तिने फोन ठेवला आणि घराकडे न जाता उलटी वळली. शेडमध्ये जाऊन काचेच्या पेटीतला लाकडी माणूस उपटला, कोटाच्या खिशात टाकला, आणि पॉवरहाऊसमध्ये माणसं ज्यातून ये-जा करतात त्या वरच्या बोगद्याकडे चालू लागली.

बोगद्याच्या तोंडाशी पहारेकरी बसला होता. तो तिला वर्षानुवर्षं ओळखत होता. "ताई, तुम्ही? आत? रस्ता चुकलात काय?"

"रजिस्टर नंतर," ताई म्हणाली, आणि आत शिरली.

आत दिवे होते, पण तेही घाबरल्यासारखे लांब लांब लावलेले. छतातून थेंब पडत होते आणि प्रत्येक थेंब तिच्याच मानेवर पडायला टपलेला. पायाखालून यंत्रांची घरघर तळव्यांत चढत होती. वर एवढा मोठा डोंगर आहे, हे विसरायला ती मोठ्याने बोलत चालली: "काही नाही. लांब कॉरिडॉर आहे. ऑफिसचा कॉरिडॉर. पुढे साहेबांची खोली. साहेबांचा कोट." एका वळणावर तिला वाटलं, परत फिरावं. पण मागे बघितलं तर मागचाही बोगदा तेवढाच लांब होता. घाबरट माणसाला असं मध्यावर गाठलं की त्याला पुढे जाण्यावाचून गत्यंतर नसतं.

कंट्रोल रूमचं दार उजवीकडे उघडलं. तिला क्षणभर बरं वाटलं.

भावोजींच्या हातातला कप हिंदकळला. "अगं? तू? इथे? कोण गेलं?"

"अजून कुणी नाही."

"मग?"

तिने खिशातून लाकडी माणूस काढला आणि टेबलावर, त्यांच्या कपाशेजारी उभा केला.

"हे कोण?" ओळखूनही त्यांनी विचारलं.

"तुम्ही."

भावोजींनी तो जवळून न्याहाळला. "पोट जरा जास्त दाखवलंयस."

"त्या पोटामुळेच तरंगता," ताई म्हणाली. तिला हसू आलं नाही. "अहो, ऐका. शेडमध्ये हा प्रत्येक वेळी तरंगला. एकदाही चालत बाहेर आला नाही. ओढा जागा झालाय. मी पुलावर ऐकला. वर पाऊस आहे, सांडवा सुटतोय. चहा संपायच्या आत दरवाजा सोडा."

"लाल खुणेला पाणी नाही लागलेलं. मी यंत्रं थांबवली तर सगळं शहर अंधारात जाईल. काहीच झालं नाही तर माझी नोकरी, तुझी नोकरी आणि तुझं नाव, तिन्ही एकदम जातील."

"माहीत आहे."

"साहेब म्हणतील, सायरन वाजला आणि नवऱ्याने दिवे घालवले."

"म्हणू देत."

भावोजी तिच्याकडे बघत राहिले. केस ओले, बूट चिखलाने भरलेले, ओठ पांढरे. ते आजही सांगतात: "नदी वाढलेली मी खूप वेळा पाहिली होती. त्याने मी हललो नसतो. पण जी बाई घरचे चार मजले जिन्याने चढते आणि लिफ्टकडे बघतही नाही, ती डोंगराच्या पोटात माझ्यासमोर उभी होती. तेव्हा मला पाण्याची भीती वाटली. त्याआधी कधी वाटली नव्हती."

त्यांनी कप खाली ठेवला. दोन्ही सहकाऱ्यांना हाका मारल्या. एकेक यंत्र थांबलं. तळव्यांतली घरघर विरत गेली आणि तिच्या जागी अशी शांतता आली की थेंबांचा आवाज मोठा झाला. वर शहराचे दिवे गेले असणार. साखळीवरून दरवाजा उतरायला लागला; करकरत, थांबत, पुन्हा करकरत. ताई टेबलाची कड धरून उभी होती. दरवाजा खाली टेकल्याचा दणका आला आणि काही वेळाने पलीकडून दुसरा आवाज आला: लाकडाचा ओंडका दारावर धडकल्याचा. मग आणखी एक. बाहेरून कुणीतरी आत यायला मागत होतं.

सहकाऱ्यांपैकी एकाने, ज्याने पाणी बायकोला विचारून येण्याचा विनोद केला होता त्याने, टेबलावरचा लाकडी माणूस उचलून ताईच्या हातात दिला.

सगळे बॅटऱ्यांच्या उजेडात बाहेर आले. येताना ताईने भावोजींची बाही एवढी घट्ट धरली होती की बाहीचं बटण तिच्या मुठीत राहिलं.

त्या संध्याकाळी नदी लाल खुणेच्या वर गेली, दरवाजाच्या वर गेली, तिथे उभी राहिली, आणि हळूहळू उतरली. आत पाणी आलं नाही. फक्त दरवाजाच्या कडांतून थोडं पाझरलं. शहराने यातलं काहीच पाहिलं नाही. शहराने पाहिला तो अंधार. जे बुडलं नाही ते कुणाला दिसत नसतं. दुसऱ्या दिवशी दूधवाल्यापासून शिक्षकांपर्यंत सगळे विचारत होते की दिवे कुणी घालवले, आणि उत्तर मिळाल्यावर ताईला नवं नाव मिळालं: 'अंधारबाई'. बेकरीवाला आजही तिला बघून मेणबत्ती पुढे करतो. ती घेते. जपून ठेवते. सांगता येत नाही ना.

मोठे साहेब आले. पाण्याच्या बोगद्याच्या तोंडाशी भिंतीवरच्या गाळाच्या रेघेकडे बघत उभे राहिले. रेघ त्यांच्या डोक्याच्या बरीच वर होती. त्यांनी चहा मागितला, तो न पिता परत दिला आणि म्हणाले, "माणसं कुठे होती?" भावोजी म्हणाले, "बाहेर." साहेब एवढंच म्हणाले, "हं."

पण भिंतीवरून फ्रेम खाली आली. तिथे आता साधा कागद आहे. ज्योतिषी पुढचे हिवाळे चालवून बघतो, ताई ते शेडमध्ये पाण्याने करून बघते, आणि दोघं मिळून दर शरदात नवी भरणीची रेषा आखतात. जिथे पूर्वी रेषेला टेकाड होतं तिथे आता थोडा खळगा आहे, पावसाला बसायला जागा म्हणून. रेषा शाईने नाही, पेन्सिलीने. साहेबांना शाई हवी होती. ताई म्हणाली, "हवामान शाईने चाललंय का?" खळगा ठेवल्यापासून दर हिवाळ्याच्या अखेरीस धरण तळाला जाईल म्हणून ती घाबरते, मग दवाखान्याच्या मॅनेजरला फोन करून जनरेटर चालतो का विचारते. तो तिचा आवाज ओळखतो. "चालतो, ताई," म्हणतो, आणि खरंच जाऊन बघून येतो.

पुढच्या शरदात मी पुन्हा गेलो. बाहेर तशीच रिपरिप. शेडमध्ये डोंगर तसाच, फक्त ओढ्याच्या नळाच्या दांड्याला लाल रंग दिलेला, आणि काचेच्या पेटीत लाकडी माणूस परत उभा, या वेळी दाराच्या बाहेर. ताई पलीकडे वाकून मोजत होती. पाठमोरी ती मला एकदम उंच वाटली. मला भरून आलं. म्हटलं, हे बोलायलाच हवं.

"ताई," मी म्हणालो, "लहानपणी मी तुला किती चिडवलं. पण त्या बोगद्यात तू एकटी शिरलीस! खरं सांग, आता तुला कशाची भीती राहिली?"

तिने मान वर केली आणि माझ्या हाताकडे बघितलं.

"छत्री बाहेर ठेव."